आभार न मानता

असुन्सिओनच्या विमानतळावर शिक्का मारणाऱ्या बाईनं
माझा पासपोर्ट उलटा धरून पाहिला,
मग सुलटा, मग मला.
इथे कशाला?
वजनकाटे तपासायला, मी म्हटलं. सोयाबीनचे.
ती हसली. एवढ्या लांबून
कुणी वजनं करायला येतं,
हे तिला बहुधा नवीन होतं.

समुद्र नाही या देशाला. तरी आरमार आहे,
नदीत नांगर टाकून उभं.
डेकवर दोरी बांधून
पोरं बनियनं वाळत घालत होती.

कॉफी पंधरा हजारांना.
पहिल्या दिवशी मी लखपती होतो,
दुपारपर्यंत.

डिसेंबर. कुत्रीसुद्धा सावली सरकेल तशी
कूस न बदलता सरकत झोपतात.
माती तांबडी, पँटच्या कडेला बसली
की निघायचं नाव नाही.
आणि आंबे!
फुटपाथवर, गटारात, उभ्या मोटारींच्या टपांवर धपाधप,
आणि एक म्हातारा खराट्यानं लोटतोय त्यांना
पाचोळा लोटावा तसा.
माझा जीव तुटला. एक उचलला,
शर्टाला पुसला, चोखला.
धागेच धागे. पण गोड.
म्हातारा खराटा टेकवून बघत राहिला,
मी त्याच्या अंगणातलं गवत खात असल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी परागुआरीच्या वाटेवर बस बंद पडली.
कुणी वैतागलं नाही. हे मला जड गेलं.
ड्रायव्हर बॉनेट उघडून
विहिरीत डोकवावं तसा आत बघत बसला,
आणि कुठून कोण जाणे, टोपली डोक्यावर घेऊन
चिपावाली आली. चीजची कडी,
कडबोळ्यासारखी वळलेली, अजून गरम.

न्या ओब्दुलियानं झाडाखाली थर्मास काढला.
आत बर्फ खुळखुळला.
कसलीशी पानं, मुळं ठेचून टाकली होती पाण्यात.
शिंगाचा पेला एक,
धातूची नळी एक,
तोंडं अकरा.
माझ्या आत कुणीतरी सोवळं सावरत मागे सरकलं:
उष्टं!
मी प्यायलो. कडू. गार.
मानेपासून टाचेपर्यंत गार.
ग्रासियास, मी म्हटलं, घरच्या वळणाला जागून.
आणि पुढच्या फेरीत पेला
माझ्या नाकासमोरून शेजाऱ्याकडे गेला.
त्याच्या पुढच्या फेरीतही.

तिच्या नातवानं, देर्लिसनं, हळूच सांगितलं:
आभार म्हणजे पुरे.
तहान आहे तोवर मानायचे नसतात.

मग तोच माझा मास्तर झाला.
ग्वारानीत पाणी म्हणजे एक स्वर, बस एक,
घसा आणि टाळू यांच्या मधे कुठेतरी राहणारा.
मला काही केल्या जमेना.
मी म्हणायचो आणि अकरा जण हसायचे,
एकदा ड्रायव्हरही, बॉनेटमधून.

ओरे, देर्लिस म्हणाला,
आणि बोटानं हवेत रिंगण काढलं,
आजीभोवती, स्वतःभोवती. मी बाहेर.
न्यान्दे, म्हणाला, आणि रिंगण वाढवलं.
मी आत, चिपावाली आत,
ड्रायव्हर, बस, झाडाखालचं कुत्रंसुद्धा.
स्पॅनिशमध्ये हे नाही, म्हणाला.
तिथे एकच शब्द.
कोण धरलं, कोण वगळलं, कळत नाही.
तुमच्यात?

अर्धी पृथ्वी ओलांडून आणलेलं सामान,
मी कधी उघडूनच बघितलं नव्हतं.
आम्ही, मी म्हटलं, लहान रिंगण काढून.
आपण.
त्यानं दोन्ही शब्द दाताखाली धरून पाहिले.
आपण, म्हणाला, 'ण'ला अडखळत,
मी पाण्याला अडखळत होतो तसाच.

ऊन उतरलं. न्या ओब्दुलियानं
ड्रायव्हरला ओरडून काहीतरी विचारलं,
निघणार कधी, असं असावं.
त्या सगळ्या वाक्यातला मला एकच शब्द कळला,
आणि तो छोट्या रिंगणाचा नव्हता.
पेला माझ्यापुढे आला.
दोन्ही हातांनी घेतला.
काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सायलोवरचा काटा तपासला.
वहीत लिहिलं:
आपला काटा सव्वीस किलो जास्त दाखवतो.
मग वाचून पाहिलं.
खोडलं नाही.