धाकटे

आमच्या घरात सर्वांत म्हाताऱ्या माणसाला
धाकटे म्हणतात.
पणजोबांचे धाकटे भाऊ. एकोणीसशे अठराच्या तापात गेले
आणि तेराव्याच्या रात्री
मागच्या जिन्यानं परत आले.
पणजीनं कडी काढली. म्हणाली, या.
त्या एका शब्दावर
माझगावातल्या अडीच खोल्यांत चार पिढ्या निभावलं.

भाड्याची पावती अजून त्यांच्याच नावावर.

दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर
अवसेच्या चौकोनात लाल टिंब, शेजारी आद्याक्षर.
उ म्हणजे उमाआत्या. नि म्हणजे निरंजन.
सोळा सरल्यावर मी.
दुखत नाही. मांजराचं नाक मनगटाला लागावं तसं गार,
मग हातावर गुळाचा खडा,
मग आईची मीठ-मोहरी:
आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची,
आणि भुताखेतापाशी आली की ती जीभ चावते,
धाकट्यांना वाईट वाटेल म्हणून.
पण मोहऱ्या विस्तवावर तडतडल्या
की मनगटावरचे दोन ठिपके मिटतात.
हे फक्त तिलाच येतं. मला शिकवायला तयार नाही.

परळच्या रक्तपेढीत नोकरी लागली
तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे.
पस्तीस दिवस उलटलेल्या पिशव्या
जेवणाच्या डब्यात घालून आणायचे मी.
त्यांनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली.
शिळं आहे, म्हणाले. आणि यात कुणीच नाही.

निरंजन त्या रात्री पहिल्यांदा ओरडला.
कुणीच नाही म्हणजे? आम्ही काय लोणचं आहोत, घरचं?
दुसऱ्या दिवशी त्यानं बिल्डरची फाइल आणली:
बाविसावा मजला, जमिनीपासून छतापर्यंत काच.
पूर्वेकडचा मागितलाय, म्हणाला,
आईकडे न बघता.

आई एप्रिल चव्वेचाळीस काढणार, हे माहीत होतं.
गोदीत जहाज फुटलं,
धुरानं भर दुपारी आभाळ काळं केलं,
जन्मात तेवढ्या एका दिवशी धाकटे दिवसा बाहेर पडले
आणि सहा वर्षांच्या आमच्या आजोबांना
जळत्या कापसाखालून उचलून आणलं.
वाटेत धूर विरळ झाला.
तेव्हापासून उजव्या हाताला दोनच बोटं.
तो हात नसता तर तू कुठला, रे?
निरंजन म्हणाला, मान्य.
पण उपकाराची मुदत किती असते, आई?
पिशवीवर तरी छापलेली असते.

संमतीपत्रावर त्यांचा अंगठा उठेना.
यंत्राच्या काचेवर नुसता गारवा.
मग निरंजननंच वाट काढली. पालिकेतून
मृत्यूचा दाखला आणला. होताच तो तिथे,
शंभर वर्षं कुणी मागितला नव्हता इतकंच.
धाकट्यांनी दिव्याखाली धरून वाचला.
वय चुकलंय, म्हणाले.
मी सव्वीसचा होतो. सत्तावीस लिहिलंय.

सामान उतरवायला रात्रीचाच टेम्पो सांगितला होता.
कुणी सांगितला, मी विचारलं नाही.
नव्या घरी त्यांना या म्हणायचं नाही,
निरंजननं आईकडून शपथ घेतली होती,
माझ्या डोक्यावर हात ठेवून.

रिकाम्या खोलीत धाकटे उंबऱ्याबाहेर उभे राहिले.
धोतराचा सोगा खोचला, पायांत वहाणा सरकवल्या.
शंभर वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.
जातो, म्हणाले.

आणि आई, हातात देवांचं गाठोडं,
मान वर न करता,
दिवसातून दहादा आम्हाला टोकते त्याच सवयीनं:
जातो नाही म्हणू. येतो म्हणावं.

खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.
निरंजननं डोळे मिटले.
येतो, धाकटे म्हणाले, अगदी हळू,
एखादं भांडं दुसऱ्याच्या घरात ठेवावं तसं.

नव्या घरी दूध पिशवीचं येतं, हिशेब नाही लागत.
तरी कॅलेंडर टांगलंय, स्वयंपाकघरात, काचेपासून लांब.
पूर्वेच्या काचेला जाड पडदे आलेत.
आज अवस. चौकोनात लाल टिंब.
शेजारचं अक्षर नि आहे,
आणि अक्षर त्याच्याच हातचं.