बॅटरी नीट धर

एकेचाळीस वर्षं मी या शेडमध्ये
फक्त बॅटरी धरली.
"इकडे. अगं, इकडे. माझ्या डोळ्यांत नको."
लिंडसे गाडीखाली, मी उकिडवी,
फरशीचा गारठा गुडघ्यांत मुरवत.

आता तो प्लास्टिकच्या खुर्चीत, अंगावर घोंगडी,
उजव्या हातात बॅटरी.
डावा हात मांडीवर,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
गाडीखाली मी.
"लिंडसे, बॅटरी नीट धर."
हे म्हणताना वाटलेली गंमत
मी लपवली नाही.

गाडी चौसष्ट सालची होल्डन, फिकट हिरवी.
तिने वाहिल्या सफरचंदांच्या पेट्या,
दोन बाळंतिणी (दोन्ही मीच),
एक मेंढी, जिवंत,
आणि सासूबाईंच्या अंत्ययात्रेची फुलं.
क्लच डाव्या पायाला,
गिअरची दांडी डाव्या हाताला.
एप्रिलमध्ये, टोस्टला लोणी लावता लावता
त्याची सगळी डावी बाजू संपावर गेली.
तोंड शाबूत. ते कुठलं जातंय.

मुलगा होबार्टहून म्हणाला, विकून टाका.
मी म्हटलं, बघते.
आणि ग्लेनॉर्कीच्या झ्लाट्को भंगारवाल्याकडून
एका आपटलेल्या कमोडोरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला.
पंच्याहत्तर किलो.
माझ्याहून बारा किलो जास्त.

तो बसेना. बोगदा अरुंद.
ग्राइंडरने पत्र्याला पहिली चीर दिली
तेव्हा लिंडसेने बॅटरी विझवली.
मी अंधारात थांबले.
बऱ्याच वेळाने त्यानेच लावली.

कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत ढकलायचा,
दोनदा खट् व्हायला हवं.
एकदाच झालं आणि तसंच आवळलं, तर पंप फुटतो.
एकदा झालं.
मग तासभर काही नाही.
"कानाला नको," तो म्हणाला, "हाताला विचार."
हात म्हणाला, जेवून घे.
जेवल्यावर झालं. खट्.

या नव्या डब्याला सारखं विचारायची खोड:
पाय केवढा दाबलाय? चढ आहे? घाई आहे?
जुन्या इंजिनाला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं,
ते सांगणार कसं?
म्हणून कार्ब्युरेटरच्या कुशीला एक सेन्सर,
डॅशबोर्डखाली तंबाखूच्या डबीएवढा कॉम्प्युटर,
दोघांमध्ये दुभाषा.
दर मंगळवारी निअव्ह नावाची पोरगी येते,
लिंडसेचा घोटा तळहातावर घेऊन
त्याच्याशी असंच काहीबाही बोलते.
घोटा अजून उत्तर देत नाही.

तेल लाल, रासबेरीच्या सरबतासारखं.
नऊ लिटर आत गेलं,
अर्धा लिटर माझ्या केसांत.

पहिल्यांदा मीच चालवली.
क्लचचं पेडल काढून खिळ्याला टांगलं होतं,
पण पायाला कुणी सांगितलं नव्हतं.
वळणावर डावा पाय सवयीने खाली गेला,
रुंद ब्रेकवर, पूर्ण ताकदीने.
गाडी जागच्या जागी. दोघांची कपाळं पुढे.
शेजारचा कुत्रासुद्धा भुंकायचा थांबला.
लिंडसे एप्रिलनंतर पहिल्यांदा हसला,
तेही माझ्यावर.

मग तो.
डॉक्टरचा कागद अजून यायचाय,
म्हणून रस्त्यावर नाही,
बागेतल्या मातीच्या वाटेवर, पॅकिंग शेडच्या मागे.
दांडी तीच जुनी, स्टिअरिंगजवळची;
उजवा हात आडवा नेऊन एकदा ओढली की काम झालं.
पहिल्यातून दुसरा पडला, कुणी न पाडता.
त्याने भुवया उंचावल्या.
"हं," म्हणाला.
माझ्या स्वयंपाकाला यापेक्षा जास्त कधी मिळालेलं नाही.

खाली रबरी चटईवर एक खळगी आहे,
त्याच्या टाचेने इतक्या वर्षांत झिजवलेली.
निघताना मी त्याचा डावा पाय उचलून
तिच्यातच ठेवला होता.
दुसऱ्यातून तिसरा पडला
आणि मला वाटलं, बुटाचं टोक जरासं खाली दबलं.
खड्डा असेल. वाट खड्ड्यांचीच आहे.
मी विचारलं नाही.
कुंपण जवळ येत होतं,
म्हणून म्हटलं, ब्रेक, लिंडसे.
उजवा.