माणसशास्त्र

दारावरच्या पाटीवर पेंटरने लिहिलं :
'शालेय माणसशास्त्रज्ञ'.
न चा ण झाला.
हेडसर म्हणाले, करून घेऊ दुरुस्त.
तीन वर्षं झाली. आता मीच नको म्हणते.

धडगावच्या पुढे, जिथे डांबर संपतं,
तिथली ही आश्रमशाळा.
माझी खोली आधी भांडार होती :
तांदळाची रिकामी बारदानं, तडकलेला कॅरम,
दोन खुर्च्या,
आणि एक खिडकी, जिच्यातून
घाट चढणारी एसटी आधी ऐकू येते, मग दिसते.

करार सोपा आहे.
साठ महिने या डोंगरात बसायचं,
माझ्या शिक्षणाचं कर्ज सरकार फेडणार.
सहा लाख ऐंशी हजार.
मधेच उठले तर व्याजासकट सगळं माझ्या अंगावर.
दरसाल एक दाखला लागतो : 'सेवेत खंड नाही'.

अमळनेरहून बापूंचा फोन येतो, पहिला प्रश्न तोच :
"कितलं ऱ्हायनं व माय?"
कर्जाला जामीन त्यांची सही आहे,
पिठाच्या बोटांनी केलेली.
मी महिने सांगते.
ते "बरं" म्हणतात, मागे गिरणीचा पट्टा फटफटत असतो.

प्रश्नावलीत विचारलंय : झोप नीट लागते का?
कधीच नाही, कधी कधी, नेहमी.
इथे एका गादीवर तिघी.
आई-बाप ऊस तोडायला गुजरातेत गेले
की त्यातली एक झोपेत चालत फाटकापर्यंत जाते.
याला कुठली चौकट?

तिचं नाव सुनकी.
पहिले चार महिने मला पावरी येत नव्हती
आणि तिला बोलायचं नव्हतं.
बरोबरीच्या होतो आम्ही.
मग एकदा तिने फ्रॉकच्या खिशातून आमचूर काढून
माझ्या हातावर ठेवलं,
आणि माझं वाकडं झालेलं तोंड बघून
इतकी हसली, इतकी,
की बाहेर कामाठी मावशी झाडू धरून थांबली.
फॉर्ममध्ये लिहावं असं त्यात काही नव्हतं.

आता ती बोलते. तिच्या बोलीत अहो-जाहो नाही.
"मॅडम, बँकेचं फिटलं की तू जाशील?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं :
तुला काय वाटतं?
तिने ते ऐकलं, जसं मुलं पावसाळ्यात
'रस्ता लवकरच होईल' ऐकतात.

दुसऱ्या दिवशी भांडाराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या.
सुट्टीचे दिवस मोजतात मुली, तशा.
पण या माझ्या होत्या, छत्तीस,
पाच-पाचच्या जुड्या आणि शेवटी एक सुटी.
माझं पासबुक तिने भिंतीवर मांडलं होतं.

काल रात्री, दिवे गेल्यावर,
मी ओढणीच्या टोकाने एक रेघ पुसली.
का, ते मला विचारू नका.
त्याने कर्जातला रुपया हलत नाही.

सकाळी तिने बोट ठेवून मोजलं.
पुन्हा मोजलं.
माझ्या ओढणीकडे बघितलं.
कोळसा तिच्या हातात होता.
तिने तो खिशात टाकला, आमचूराशेजारी,
आणि वर्गात गेली.