साकव

खानापुरात स्टेशन रोडला, झेरॉक्स मशीनच्या मागे
माझं वेबसाइटींचं दुकान.
दोन खुर्च्या, एक पंखा,
आणि निवडणूक लागली की तीन उमेदवार, तीन पक्षांचे,
एकमेकांची गाडी नाही ना बघून आत येणारे.
मी तिघांचीही बनवतो.
सांगत नाही कुणाला. त्यांना ठाऊक आहे.

परशराम बेळवटकरांचं पान निळं.
उजव्या कोपऱ्यात दोन बटणं: मराठी, कन्नड.
एक दाबलं की बेळगाव, दुसरं दाबलं की बेळगावी.
मराठीत ते सीमेसाठी रक्त आटवतात,
कन्नडमध्ये त्याच ओळीच्या जागी बोअरवेल आहे.
"भाषांतराचं तू बघून सोड," म्हणाले,
"खरं फोटो दोन्हीकडं तोच ठेव."
मी त्यांची मान जरा बारीक केली,
कपाळावरचा घाम माऊसनं पुसला,
मागची मुतारीची भिंत काढून डोंगर लावला.

'केलेली कामं'.
सात चौकोन आखलेले, पाच कसेबसे भरले.
सहाव्यात पुतण्या म्हणाला, कुंभाळवाड्याचा पूल टाक.
झालाय का, मी विचारलं नाही.
कुठल्याशा परदेशी नदीवरचा एक सापडला,
लोखंडी, स्वच्छ, कडेला दिवे.
दिवे खोडले. कठड्याला सरकारी पिवळा दिला.
हिरवी खूण. पूर्ण.
सातव्या चौकोनात लिहिलं: लवकरच.

शट्टुप्पा गावडा उताऱ्यासाठी आला,
कुंभाळवाड्याहून, म्हणजे चालत, मग वडाप, मग पुन्हा चालत.
तिकडं जंगलात रेंज नाही. एक धोंडा आहे,
त्यावर चढून हात उंच केला की दोन काड्या येतात,
दोन काड्यांत बेळवटकर
मानेपर्यंत उघडतात आणि थांबतात.
उतारा कन्नडमध्ये. त्याला बटण नाही.
मी वाचून दाखवला, नाव तुमचंच आहे म्हटलं.
तो ऐकत नव्हता. स्क्रीनकडं बघत होता.

"ह्यो पूल खट्टे हाय रे?"
"तुमच्याच नाल्यावर,"
तोंडातून गेलं. खाली तसं लिहिलंच होतं, मीच.
बराच वेळ बघितलं त्यानं.
"बरा हाय," म्हणाला.
"आमचा साकव दरसाली जातोय वाहून.
गेल्या साली सुनेला कळा सुटल्या तवा दोर धरून..."
वाक्य तिथंच राहिलं.
"छापून सोड मला एक. रंगीत."
प्रिंटचे वीस. लॅमिनेशनचे आणखी वीस.
घ्यायला नको होते. घेतले.

निकाल लागला. कोण आलं ते सोडा,
तिघांतलंच एक.
पानाखालचा आकडा सांगत होता, भेट देणारे दहा हजार नऊशे बारा.
मोजायला मी दहा हजारांपासूनच लावलं होतं
आणि नऊशेंतले निम्मे माझेच.
पुढच्या मार्चात मेल आली, नावाची मुदत संपते आहे.
पुतण्या फोन उचलेना.
एका रात्री निळं पान गेलं,
रक्तासकट, बोअरवेलसकट.
त्या पत्त्यावर आता बुटांची जाहिरात दिसते.

परवा कुंभाळवाड्याला जाणं झालं, दुसऱ्याच कामाला.
नाल्याकाठच्या जांभळीला
पूल ठोकलेला, चार खिळ्यांनी.
कडेनं पाणी शिरून निळी शाई उतरली होती,
परदेशी नदी गुलाबी झाली होती,
हिरवी खूण तेवढी जशीच्या तशी.
खाली बांबूचा साकव, यंदाचा, अजून ओला.

"ह्ये कशाला लावलंय?" एका पोराला विचारलं.
"आज्जा म्हणतोय, मत मागाय कोण आलं
तर ह्येच्यावरनं येवा म्हणून सांग."

पोरगं माझ्याकडं बघत राहिलं.
मी काही मागायला आलो नव्हतो, तसं म्हणालोही.
मग दोर धरला, दोन्ही हातांनी,
आणि खाली न बघता निघालो.