वाटणारी

गुरुवारी आठला पाच कमी असताना
किटलीखाली मेणबत्ती लावली,
कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर चहा.
खडा तडकला. दर गुरुवारी तडकतो.
चष्मा पुसला, टॅब उघडला,
आणि आमचं टेबल नव्हतं.

एम्डेनच्या कुणाकुणाची टेबलं होती,
हानोफरच्या कॉलेजातल्या पोरांचं एक,
आमचंच नव्हतं.
वाटलं, कंपनीनं रातोरात काही बदललं असेल.
बंद केलं. चालू केलं.
परवलीचा शब्द तोच, ओन्नोच्या विकलेल्या होडीचं नाव,
एकेक अक्षर दाबत लिहिला.
पडदा म्हणाला :
या टेबलावर आपल्याला जागा नाही.

आपल्याला म्हणाला. आदबीनं.

तिघांच्या नावांपुढे हिरवे ठिपके.
ओन्नो. वीब्के. त्यार्क.
म्हणजे डाव सुरू होता.

सात वर्षं.
मांडीचं हाड मोडलं तेव्हा वीब्के
इस्पितळाच्या पलंगावरून खेळली,
त्यार्क मुलीकडे नॉर्वेला गेला तो तिथून,
बाळाला खांद्यावर टाकून, एका हातानं.
वादळात समुद्र बंधाऱ्याला धडका देत होता
त्या रात्रीसुद्धा आम्ही अकरा डाव खेळलो.

स्काटला तिघंच लागतात.
चौथ्यानं पानं वाटायची
आणि हात मांडीवर ठेवून एक डाव बसायचं.
पुढच्या डावाला दुसरा बसतो.
त्याचं कुणाला काही वाटत नाही.
वाटण्याचीही पाळी असते.

मागच्या गुरुवारी ओन्नो परत आला,
पाच आठवड्यांनी. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले होते.
हुकूम काय आहे, दोनदा विचारलं त्यानं.
पडून गेलेला गुलाम पुन्हा मोजला.
त्यार्कनं बदामाचा दस्सा
चक्क त्याच्या हातावर टाकला,
मी मनात म्हटलं, हाही म्हातारा झाला.
वीब्केनं एक्का टाकला.
तरीही मला कळलं नाही.

शेवटी ओन्नोनं विचारलं, जिंकलो का रे?
वीब्के म्हणाली, हो की!
मी म्हटलं, साठ.
एकसष्ट लागतात.
साठ म्हणजे हार, पडद्यावर लिहिलंय बघ.

एकतीस वर्षं मी बंदराच्या दारांवर काम केलं,
पाण्याची पातळी वाचायची आणि सांगायची.
एक सेंटिमीटर कमी म्हणजे कमी.
बोट अडकते ती त्याच एका सेंटिमीटरवर.
हे मी कुणाला समजावू?
त्या रात्री माईकमधून बराच वेळ
फक्त कुणाच्या तरी घड्याळाचा आवाज येत होता.
मग ओन्नो म्हणाला, बरोबर आहे, गेशे. साठच.

शुक्रवारी वीब्के बेकरीत भेटली.
मोइन, म्हणाली. मीही म्हटलं, मोइन.
मग तिनं दोन नाणी इतका वेळ मोजली
की मागच्या माणसानं घसा खाकरला.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
रायपाव घेऊन उलट्या वाऱ्यातून सायकल ढकलत घरी आले.

डावलणं या शब्दात डाव आहे
हे मला आत्ता ऐकू येतंय.

आज पुन्हा गुरुवार.
टॅब खणात ठेवला, खणातून पत्ते काढले,
कडा मऊ पडलेले, त्यांना अजून
माझ्या नवऱ्याच्या तंबाखूचा वास आहे.
पिसले. तीन तीन वाटले, मधे दोन पालथे,
मग चार चार, मग तीन तीन,
तीन रिकाम्या खुर्च्यांसमोर.
हात मांडीवर ठेवून बसले.

वाटणाऱ्यानं पानं पाहायची नसतात.
मी ओन्नोची पाहिली.
एकही गुलाम नाही, सगळी बारीकसारीक.
मधली दोन उलटली :
किलवरचा गुलाम, आणि एक काहीतरी.
गुलाम त्याच्या पानांत सरकवला,
त्याच्यातली सत्ती मधे ठेवली,
पालथी, कडेला कड जुळवून.

किटलीखालची मेणबत्ती विझत आली होती.
कुणी पाहिलं नाही.