पिठाचा अंगठा

पाच वाजून बावन्न. स्किप्टनचं आभाळ
अजून तव्याच्या पाठीसारखं काळं.
मी मागच्या दारात, हात कोपरापर्यंत पिठात,
आणि वर ते अंतराळस्थानक चाललंय
न लुकलुकता, कुणासाठी न थांबता.
सहा मिनिटांत पार मिसेस हार्टलीच्या धुराड्यामागे.

मी हात हलवला.
हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

ओट्यावर पावाचं पीठ फुगतंय. रात्री दोनदा उठून पाहिलं,
ताप आलेल्या पोराला बघावं तसं.
मागच्या रविवारी वीट झाली होती;
मिसेस हार्टलीनं ती चहात बुडवून खाल्ली,
"चव वाईट नाही," म्हणाली.
यॉर्कशायरमध्ये हे पदकच.

लायब्ररीचं पुस्तक, शनीच्या चंद्रांवरचं,
तारीख उलटून नऊ दिवस.
एकशे बाराव्या पानावर माझ्याआधी कुणीतरी
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: खरंच?
त्याखाली माझा पिठाचा अंगठा उमटला.
पुसला नाही. सही समजा.

दहाला शर्वरीची मॅच. चिखल, बोचरा वारा,
गोलपोस्टमध्ये ती, ग्लोव्ह्ज दोन नंबर मोठे.
सात सुटले. आठवा अडवला.
घर येईपर्यंत गाडीत
फक्त आठव्याचीच गोष्ट,
दर वळणावर चेंडूचा वेग थोडा वाढत गेलेला.

दुपारी पाव कापला. आत भोकंच भोकं,
एक तर एवढं, की लोणी थेट ताटलीत.
मी ओशाळले.
"चंद्र," ती म्हणाली,
आणि काप डोळ्याला लावून
त्यातून माझ्याकडे बघत राहिली.