भुसावळला बदललेली पेटी

पेटी भुसावळला बदलली.
हमालाची चूक की गार्डाची, कोणी कबूल झालं नाही.
तंबूवाल्या मुसाशेठनं झाकण उघडलं
तर आत आठ रिळं, आणि वर चिकटवलेल्या कागदावर
गोल गोल अक्षरं,
डोक्यावर रेघेच्या जागी बारीक तुरे.

जत्रेची तिसरी रात्र. बोरीच्या वाळूत तंबू,
तिकिटाचे पैसे वसूल,
पडद्यावर एक गाव. ताडाची झाडं, भाताचा चिखल,
पांढऱ्या धोतरातला थोरला भाऊ,
आणि तो जे बोलला ते कुणालाच कळेना.
"काय सांगी राहिना रे तो?"
मागून भुईमुगाची फोलं उडाली.

तेव्हा बायकांच्या बाजूनं तिम्मव्वा उठली.
पारोळ्याच्या रस्त्यावर खडी फोडणारी,
जिला आमच्या विहिरीवर पाणी
वरून ओतून मिळायचं.
म्हणाली, मला येतं.
आमचं बोलणं दगडाचं, यांचं भाताचं. पण येतं.

मुसाशेठनं जाहिरातीचा कर्णा तिच्या हातात दिला.

ती बोलत गेली, आम्ही बघत गेलो.
"आते हाई रडी. जराक थांबा."
आणि पडद्यावरची धाकटी जाऊ रडायची.
शब्द अडले तिथं ती हातानं दाखवायची,
अंधारात, कुणालाच न दिसणारं.
वाटणी निघाली. बैल, नांगर, पितळेचा हंडा,
आणि आईची खाट कुणाच्या ओसरीत
यावर अख्खं एक रीळ.

माझे आप्पा आणि हिलाल नाना एकाच सतरंजीवर,
मध्ये मी.
त्यांची वाटणी आखाजी झाली की. तलाठ्याला सांगून ठेवलेलं.
दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही,
एवढं आठवतं,
आणि आप्पांनी विडी उलटी पेटवली.

शेवटच्या रिळात वारा सुटला.
अंगणात थोरला, दारात त्याची बहीण,
तिच्या हातात दिवा.
थोरला काहीतरी म्हणाला.
कर्णा गप्प.
हातोडा वर गेल्यावर खाली यायच्या आधी
थांबतो ना, तेवढा वेळ.
मग तिम्मव्वा म्हणाली,
"तो म्हणतोय, बहिनले बी वाटा.
तिनं बी याच घरचं दूध पिलंय. तीन वाटे करा,
नाहीतर मी अंगठा देत नाही."

कुणी शिट्टी मारली नाही.
केवळफुई बायकांत बसली होती,
नवऱ्यानं टाकलेली, बारा वर्षं आमच्याकडं राबणारी.
तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला,
मग जरा मागं सारला.

आखाजीला काय झालं ते रंगवून सांगत नाही.
नाना चार महिने वेगळे जेवले.
काकू म्हणाली, पडद्यावरचं ऐकून कुणी जमीन देतं का?
पण उताऱ्यावर तिसरी ओळ आहे,
केवळबाई, नदीकडचे सव्वादोन बिघे, एक बाभूळ.
तिम्मव्वाचा रस्ता तोवर धुळ्याकडं सरकला होता.
पालांच्या जागी तीन काळे दगड, चुलीचे.

तीस वर्षांनी सरकीच्या सौद्याला आदिलाबादला गेलो.
लॉजच्या टीव्हीवर तोच थोरला, तेच अंगण.
मी पोऱ्याला विचारलं, हा काय म्हणाला?
तो टेबल पुसत होता. वर न बघता बोलला,
"हवा छूट री, दिया अंदर लेलो बोलरा."

एवढंच.

घरी आलो तर फुई तिच्याच बिघ्यांतल्या शेंगा
फोडत बसलेली.
सांगायचं नाही असं एसटीत ठरवलं होतं,
आणि सांगितलं.
तिनं एक शेंग दातात धरली, टचकन फोडली.
"माले ठाऊक व्हतं रे भाऊ.
त्यान्हं तोंड इतलंसं उघडनं,
अन् तिन्हं बोलनं केवढं लांब."

आणि सूप उचलून
पाखडायला लागली.